भागाकारातली वर्षे

जमिनीखालच्या गॅसनळ्या किती गंजल्या आहेत आणि आणखी किती वर्षे त्यांच्यावर विसंबता येईल, हे ठरवण्यात तिच्या नोकरीची एकतीस वर्षे गेली. कचेरीत तिला 'मिलिमीटरबाई' म्हणत. नवऱ्यानेही ते नाव उचलले होते. घरातले दार घट्ट बसू लागले की आधी हिला मोजू द्या, मग सुताराला बोलवा, असे तो पाहुण्यांना गंभीरपणे सांगे.

निवृत्तीला चार महिने उरले असताना शाळेमागच्या गल्लीत एका झडपेसाठी खोदकाम चालले होते. खोदकामाचा मुकादम तिच्याइतकाच जुना. मजुरांना जपून खणायला सांगता सांगता तो सहज बोलून गेला, की नऊ वर्षांपूर्वी शेजारून पाण्याची नळी टाकताना यंत्राच्या दातांनी गॅसनळीवरचे आवरण इथून चार पावलांवर सोलले गेले होते.

"वर कळवलं नाहीत?" तिने विचारले.

"विचारलं कोणी, बाई? माती लोटली आणि पुढं गेलो."

ती तिथेच उभी राहून हिशेब करू लागली. तीन वर्षांपूर्वी नेमक्या त्याच जागी तिने नळीची जाडी मोजली होती. मुळातले सात मिलिमीटर साडेपाचावर आले होते. नळी तेव्हा तीस वर्षांची; म्हणून तिने दीड मिलिमीटरच्या झिजेला तिसांनी भागले, साडेचारची सुरक्षित मर्यादा गाठायला आणखी वीस वर्षे लागतील असे लिहिले आणि सही केली. परंतु आवरण शाबूत असेतो गंज चढलाच नव्हता. सगळी झीज शेवटच्या सहा वर्षांतली होती. त्या वेगाने वीस नव्हे, चारच वर्षे उरत होती, आणि त्यातली तीन सरली होती.

कचेरीत जाऊन तिने साहेबांना सांगितले, की ती जागा पुन्हा खणून मोजायची आणि जुना अहवाल दुरुस्त करायचा. साहेब वाईट मनुष्य नव्हते. पुढची तपासणी दोन वर्षांनी ठरलेलीच आहे, तेव्हा जो असेल तो बघेल; जाता जाता स्वतःच्याच सहीवर काट कशाला मारता, असे त्यांनी समजावले. लिहायचेच असेल तर खोदकामवाल्यांनी दडवले असे लिहा, म्हणजे तुमच्यावर काही येणार नाही, हेही सुचवले. तिने उत्तर दिले की तीन वर्षांपूर्वीच्या खड्ड्यातही हाच मुकादम होता. तिने त्याला शिडी मागितली, फावडे मागितले, फक्त विचारले काही नाही. आपल्या कामात जमिनीची पहिली ओळख ज्याला होते, त्याच्यासाठी अहवालात एकही रकाना नसतो, ही गोष्ट एकतीस वर्षांत आपल्या ध्यानात आली नाही, याचे तिला वाईट वाटत होते. साहेबांनी नाइलाजाने एक खड्डा मंजूर केला.

घरी नवऱ्याने विचारले, "आणि नळी ठणठणीत निघाली तर?"

"तर चार महिने लोक मला हसतील. तुला सवय आहेच."

जुना हिशेब खरा असेल तर जाडी सव्वापाचाच्या वर यायला हवी होती. नवा खरा असेल तर पावणेपाचाच्या आसपास. मजुरांनी नळी उघडी केली, तिने धातू घासून लख्ख केला, मोजणीयंत्र टेकवले आणि आकडा वाचायला मुकादमाला जवळ बोलावले.

"चार पूर्णांक सात," तो म्हणाला. "म्हणजे वाईट?"

"म्हणजे तुमचं खरं."

अहवालाचे पहिले वाक्य तिने स्वतःविषयी लिहिले: मागील अहवालात गंजाची वर्षे मोजताना माझी चूक झाली. त्याखाली तिने हेही नोंदवले की आवरण फाटल्याचे कळवण्याची वा विचारण्याची कोणतीही रीत तेव्हा नव्हती. पाच दिवस गल्लीतला गॅस बंद राहिला. लोकांनी कचेरीला यथेच्छ नावे ठेवली. तेवढ्यात नळीचा तो तुकडा बदलून झाला.

तिने छापील तक्त्यात हाताने एक रकाना आखला होता: माहिती कोणाकडून मिळाली. तिथे मुकादमाचे नाव लिहिण्याआधी तिने त्याला कचेरीत बोलावून विचारले. त्याने चप्पल दाराबाहेर काढली, आत येऊन टेबलाजवळ उभा राहिला आणि म्हणाला, वडिलांचं नावही घाला, या नावाची कचेरीत आणखी दोन माणसं आहेत.