भरल्या गावात नवऱ्याचं नाव घेणारी

माझी बायको माझं नाव घेत होती. आज यात कोणाला काही वाटणार नाही. पण तेव्हा आमच्या झाडीपट्टीत नवऱ्याचं नाव घेणारी बाई म्हणजे त्याच्या जिवावर उठलेली बाई. नाव घेतलं की आयुष्य घटतं म्हणत. लग्नात उखाण्यात एकदा घ्यायचं, मग जन्मभर 'आवो' आणि 'ऐकलं काय'. गडीमाणूसही बायकोचं नाव घेत नसे. आमच्या हिला गाव 'मेंबरीण' म्हणे. आधी चिडवायला म्हणत, मग तेच पडलं.

देशाची पहिली निवडणूक यायची होती. मतदारांची नावं लिहायला गडचिरोलीहून कारकून आला आणि चावडीपुढे बसला. बाया तोंडाला पदर लावून उभ्या. कोणी म्हणे, "लिहा ना, बंड्याची माय." तसं लिहिता येत नव्हतं; बाईचं आणि नवऱ्याचं, दोन्ही नावं लागत. एका म्हातारीनं तर उखाणाच घेतला, तेव्हा तो बिचारा विचारतो, "यातलं नाव कोणतं?"

नाव नाही तर मत नाही, हे मेंबरीणच्या ध्यानात आलं. ती पुढे झाली. "नवरा सोमाजी. लिहा. अन् बायांनो, हा मेला तर मले सांगा. नाई मेला तर तुमीबी आपापल्या नवऱ्याचं सांगा."

गावाचा जमीनदार म्हणजे मालगुजार, त्याची म्हातारी माय तिथंच होती. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि एवढंच बोलली, "वर्ष नाई काढत हा."

तेव्हापासून गाव माझ्यावर नजर ठेवून. मी खोकललो की विहिरीवरच्या बाया दोर ओढायच्या थांबत. जंगलात बांबू तोडायला गेलो आणि परतायला उशीर झाला, तर चार माणसं वेशीवर उभी दिसत. आनंदानं नव्हे, बघायला. वर्ष निघालं, मी नाही निघालो. पुढच्या खेपेला कारकून आला तेव्हा बऱ्याच बायांनी खाली मान घालून नावं सांगितली.

दुसऱ्या निवडणुकीला मेंबरीणनं स्वतःच विधानसभेचा अर्ज भरला. कोण्या पक्षाची नाही, पैसा नाही. मी म्हटलं, "पार मुंबईले जाऊन तू का बोलशील?"

"बाळंतीण रस्त्यात मरते, अन् रस्त्यावर बोलणारे सारे मिशावाले. तिथं बाई पायजे."

मलाही मिशा होत्या.

आणि नेमका तेव्हाच मला हिवताप लागला. असा लागला की बाज खडखड वाजे. गावाला म्हातारीचा बोल आठवला. मालगुजारी गेली होती, पण माणसं अजून मालगुजाराचीच होती आणि त्याला मेंबरीणचा अर्ज खुपत होता. त्याचा दिवाणजी रोज कुडापाशी येऊन उभा राही. विचारपूस नाही, काही नाही. माझ्याकडे बघायचा आणि जायचा. एका सकाळी कुडाला दोन हिरवे बांबू टेकवून ठेवलेले. तिरडीचे. माझी माय रडायला लागली. "सूनबाई, अर्ज मागं घे वो, माह्या पोराचा जीव जाते." मेंबरीणनं बांबू हातात घेऊन पाहिले. "चांगले हायत," म्हणाली आणि वालाच्या वेलाला मांडव घातला. पण रात्री ती दोन-तीनदा उठून माझ्या नाकापुढे बोट धरून श्वास बघायची.

मी मेलो असतो तर तिची मतं गेली असतीच, पण पुढे कोण्या बाईनं तोंड उघडलं नसतं. ती सकाळी प्रचाराला निघायची, मी म्हणायचो, जा. एका सभेत कोणी ओरडला, "नवरा मरून राह्यला अन् हे मत मागून राह्यली!"

ती म्हणाली, "नाई मरत तो. मी सांगून आली त्याले."

मतदानाच्या दिवशी मी उठलो. घोंगडी पांघरून शाळेसमोरच्या मोहाच्या झाडाखाली जाऊन बसलो. मोह नुकताच गळायला लागला होता. समोर दिवाणजी उभा. अंगात ताप, दात वाजत होते, पण बसून राहिलो. तेव्हा ज्या त्या उमेदवाराची पेटी वेगळी असे. बाया येत, मला बघत, जिवंत आहे म्हणून खात्री करत आणि आत जात. एक तर म्हणाली, "भाऊ, जरासे हला ना." हललो.

मेंबरीण पडली. पण आमच्या गावच्या पेटीत ती पडली नव्हती. मालगुजाराची म्हातारी त्याच पावसाळ्यात गेली. मी आहे.

औंदा गडचिरोलीच्या दवाखान्यात तिला नेलं. बाईचं नाव काय, म्हणून विचारलं, तर माझ्या तोंडून निघेना. साऱ्या जन्मात घेतलं नव्हतं. खाटेवरून तीच म्हणाली, "सांगा ना जी. मी का मरणार हाय नावानं?" मी तिच्याकडे नुसतं बोट दाखवलं. मग तिनंच सांगितलं, मागं माझंही जोडलं. त्याच आठवड्यात गेली. जिचं नाव जपलं, ती गेली.

मागच्या महिन्यात यादीवाला आला. मेलेल्यांची नावं कापत फिरत होता. "भाऊ, बाईचं नाव सांगा." शेजारच्या ओट्यावरच्या बाया बोलता बोलता थांबल्या. मी उठलो, खांब धरला आणि गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडलो, "पार्वता! पार्वता सोमाजी!"

"हळू जी, भाऊ. बहिरा नाई मी," तो म्हणाला आणि तिच्या नावावर रेघ मारली.