चौथी भिंत पुलाची

माझ्या माहेरच्या घराला आजोबांनी तीनच भिंती बांधल्या. चौथी पुलाची होती.

भिवंडीतला तो जुना दगडी पूल जिथे काठाला टेकायचा, तिथे त्याच्या भिंती दोन्ही बाजूंना पंखांसारख्या पसरलेल्या होत्या. पुलावर चढणारा रस्ता वर, आणि रस्त्याखालचा मातीचा भराव या भिंतींनी अडवून धरलेला. भिंतीच्या पायथ्याशी, खालच्या अंगाला आमचं घर. छपराचे वासे पुलाच्याच दगडांत खोबण्या पाडून बसवलेले. आळीतल्या बऱ्याच घरांनी हेच केलं होतं. सरकारची भिंत आयती मिळतेय, आणि ती काय पडतेय, असा सरळ विचार.

पूल कोणी बांधला हे खात्रीने सांगणारं कोणी भेटलं नाही. काही म्हणत इंग्रजांनी, काही त्याही आधीचा सांगत. शिलालेख नव्हता. पाच कमानी, काळा घडीव दगड, सांध्यांत चुना. मधल्या खांबांना पाणी येतं त्या बाजूला टोक काढलेलं, नावेच्या नाळीसारखं, म्हणजे पुराचं पाणी दुभंगून जावं. रुंदी दोन बैलगाड्यांपुरती, कारण तेव्हा त्यावरून भाताच्या नि गवताच्या गाड्याच जायच्या. पुढे कापड विणणारे लूम आले आणि हातगाड्यांवरून सुताचे बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले मोठे रूळ, जाऊ लागले. मग टेम्पो आले. दोन हजार सालानंतर काल्हेरकडे गोदामं उभी राहिली नि ट्रकांची रांग लागली.

त्या भिंतीत खिळा जात नसे. सांध्यातला चुना खरवडून, लाकडाची पाचर मारून मग त्यात खिळा ठोकायचा. उन्हाळ्यात पाठ टेकली की गार वाटायचं. पावसाळ्यात दगडांना घाम फुटायचा. ट्रक गेला की फडताळातले पेले वाजायचे. वहिनी म्हणायची, "वन्सं, आमच्या घरात पावना न येता पन भांडी वाजतान."

आधी कठड्याचे दगड सुटले. मग एका कमानीत पिंपळ शिरला. मग अवजड वाहनांना बंदीची पाटी लागली, तिच्यासमोरूनच ट्रक जात राहिले. शेवटी पूल पाडून तिथे रुंद काँक्रीटचा बांधायचा असं ठरलं. तशी नोटीस पुलाच्या भिंतीला चिकटवली.

मी पडघ्याला दिलेली. दादाचा फोन आला त्याच दिवशी मी कामाला लागले. घरपट्टीच्या पावत्या, फोटो, शेजाऱ्यांच्या सह्या, कोणाला कधी भेटायचं, सगळं लिहून काढलं. घर वाचावं, निदान त्याची भरपाई मिळावी म्हणून दादाला घेऊन सरकारी कचेरीत साहेबांसमोर बसले.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी आमचा नकाशा उलटसुलट करून पाहिला.

"बाई, यात चौथी भिंत कुठंय?"

"ती पुलाची आहे."

"मग पूल काढल्यावर तुमचं काय जातंय?"

"घर जातंय."

"तीन भिंतींना मी घर कसं म्हणू? कागदावर ही पडवी आहे."

दादा मध्येच म्हणाला, "साहेब, पडवीन माझा बाप मेला. मंग त्याला भाईर मेला म्हणाचा का?"

साहेबांनी कागद घडी करून परत दिले. त्यानंतर मी जिथे जिथे गेले, तिथे हाच प्रश्न आधी आला.

दादा कामतघरला लूमवर होता. शिफ्ट संपली की घरी येऊन तो पुलाच्या भिंतीला लागून आतून विटांची भिंत रचू लागला. चौथी भिंत आपली झाली तर घर राहील, असं त्याच्या मनाने घेतलं. मी ओळखीच्या मिस्त्रीला नेऊन दाखवलं. मिस्त्री म्हणाला, "भिंत चांगली हाय. पन मागं रस्त्याची माती हाय, ती या इटांना ऐकल का?"

"ऐकल," दादा म्हणाला. "मी न्हाय जायाचो."

भिंत आत आल्याने खोली अरुंद झाली, पलंग आडवा मावेना. वहिनी दाराशी बसून भाजी निवडत दादाकडे बघून म्हणाली, "इंजिनेर साहेबांनी भित घरान आनली नि बायको उंबऱ्याव. चांगला नकाशा हाय."

दादाने पुढची वीट उचलली.

काल्हेरला एका इमारतीत दोन खोल्या मीच बघितल्या. टेम्पो ठरवला, सामानाच्या गोण्यांवर नंबर घातले. दादा शेवटपर्यंत म्हणत होता की हे पूल पाडेपर्यंतच. मी हो म्हणत होते. माझ्या यादीत परत येण्याचं काहीच लिहिलेलं नव्हतं.

पूल पाडायला सुरुवात झाली त्या दिवशी तो आला नाही. घरातलं कोणीतरी असावं म्हणून मी गेले. मुकादम म्हणाला, "बहनजी, उधर दूर खड़े रहो, मिट्टी आयेगी." पोकलेनने पंखभिंतीचे वरचे थर उचलले. एकेक दगड ओढून काढावा लागत होता. चुना सुटत नव्हता. थोडा भाग मोकळा झाला तशी भरावाची माती हलली. पोकलेन तेव्हा दुसऱ्या टोकाला होतं.

संध्याकाळी काल्हेरला पोचले. दादा खुर्चीत बसला होता. अंगावर कामाला जायचे कपडे होते, पण तो कामावर गेलेला नव्हता.

"पुलाची भित परली का?"

"पुरती नाही. उद्याचा दिवसही लागेल त्यांना. फार घट्ट आहे."

"नि माझी?"

खोटं बोलून उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवशी आळीतलं कोणीही सांगितलं असतं.

"तिला हात लावावा लागला नाही, दादा. मातीबरोबरच गेली."

त्याने मान हलवली. वहिनीला म्हणाला, "जेवाला वाढ." तिने ताट वाढलं. तो ताटावर बसला नि तसाच बसून राहिला. शेवटी वहिनीने भात परत टोपात काढला.