आमच्या शाळेला छप्पर नाही

शाळेत न जाणारी मुलं ज्या घरात असतात, त्या घरात दोन गोष्टी साचतात. खडे आणि किस्से! खडे मी मुलं झोपल्यावर गुपचूप कुंडीत टाकून देते. किश्शांचं काय करायचं? ते सांगूनच टाकावे लागतात.

मी मूळची नाशिकची, लग्न होऊन म्हैसूरला आले. माझी मुक्ता सहा वर्षांची. शेजारची शारदा म्हैसूरचीच, पिढ्यान्‌पिढ्या शिवणकामातल्या मराठी घरातली. तिचा राघू पाच वर्षांचा. दोघींनी मुलांना घरीच शिकवायचं ठरवलं आणि आठवड्याभरात कळलं, की घरी शिकवलं तर आपण वेड्या होऊ. म्हणून बाहेर पडलो.

* * *

पहिला धडा सावलीचा. विजयनगरच्या पार्कात नारळाच्या सावलीच्या टोकाला खडूनं खूण केली. म्हटलं, "थोड्या वेळानं बघू हं, सावली कुठे जाते ते."

आम्ही दोघी फ्लास्कमधली कॉफी ओततोय, तोवर पलीकडून आरडाओरडा! "मगू बिद्दुबिट्टिदे! नीरु तन्नी!" मूल पडलंय, पाणी आणा! धावत गेलो तर राघू फरशीवर हातपाय पसरून पालथा. भोवती वॉकला आलेल्या सगळ्या आंटी. एकीनं तर त्याच्या डोक्यावर बाटली रिकामीसुद्धा केली होती.

राघू भिजलेलं डोकं वर करून म्हणाला, "मी सावलीला धरून ठेवलेलो. तुम्ही सगळे आलात नि ती पळाली!"

* * *

शारदाचं मराठी म्हणजे अर्धं कन्नड. तिला ते कळतही नाही. उन्हाळ्यात आम्ही काटेसावरीच्या मोठ्या झाडाखाली बसलो होतो. बोंडं फुटून कापूस उडत होता. शारदा एकदम वर बोट करून ओरडली, "मुक्ता, बघ बघ! हत्ती उडतीय!"

कन्नडमध्ये हत्ती म्हणजे कापूस. हे मला माहीत, मुक्ताला नाही. ती आभाळात बघत राहिली. मग तोंड पाडून म्हणाली, "मावशी, मला दिसत नाहीय."

"अय्यो, केवढी तरी आहे की! तुझ्या केसात पण बसलीय बग!"

मुक्तानं जी किंकाळी फोडली!

* * *

चामराजपुरमच्या एका पार्कात एक निवृत्त हेडमास्तर रोज बाकावर बसायचे. भरदिवसा मुलं मातीत खेळताना बघून त्यांनी विचारलं, "कुठली शाळा?" मुक्ता म्हणाली, "आम्ही शाळेत जात नाही." मास्तर गलबलले. दुसऱ्या दिवशी दोन पाट्या, दोन पेन्सिली आणि केळ्यांचा घड घेऊन हजर! माझ्याकडे बघून म्हणाले, "फीची काळजी करू नका अम्मा, मी बोलतो कुठेतरी."

मी घाईघाईनं होमस्कूलिंग समजावलं. त्यांना ते मुळीच पटलं नाही. "बरं, मग परीक्षा घेतो," म्हणाले. "सांग मगू, सूर्य कुठे उगवतो?"

मुक्ता ताठ उभी राहिली. "शेट्टी अंकलच्या गच्चीवर!"

"आणि मावळतो कुठे?"

"आमच्या बाथरूमच्या खिडकीत!"

मी जमिनीत गडप व्हायच्या बेतात. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "आयुष्यभर पूर्व-पश्चिम ऐकली. सूर्याचा पत्ता पहिल्यांदाच मिळाला!" पाट्या मात्र त्यांनी परत घेतल्या नाहीत.

* * *

बेट्टदपुरच्या टेकडीवर गेलो तेव्हा सासूबाईही सोबत होत्या. गुडघ्यांमुळे त्या खालीच थांबल्या. वर देवळापाशी पोचल्यावर मी शिकवलं, लांबची वस्तू लहान दिसते. बघा, खाली आजी केवढीशी दिसतेय!

राघूनं बघितलं आणि भोकाड पसरलं. "आजी लहान झाली!" काही केल्या ऐकेना. पायऱ्या उतरून धावत गेला आणि त्यांच्या पोटाला मिठी मारून, कवेत मावतात का ते बघू लागला. मावेनात. तेव्हा कुठे रडू थांबलं. "झाली परत मोठी!"

सासूबाई मला म्हणाल्या, "म्हणजे वरून मी बारीक दिसत होते? मग फोटो का नाही गं काढलास?"

* * *

नंतर नंदिनी आमच्यात आली. तिची इरा चार वर्षांची. घरात पोपटासारखी बोलायची, पण दाराबाहेर पाऊल टाकलं की एक शब्द नाही. नर्सरीतल्या बाईंनी वर्षभर तिचा आवाज ऐकला नव्हता. डॉक्टर म्हणाले, मागे लागू नका, वाट बघा. नंदिनी वाट बघत होती. कुणी इराला नाव विचारलं की नंदिनीच घाईघाईनं सांगून टाकायची.

एका सकाळी कुक्करहळ्ळी तळ्यावर पक्षी बघायला गेलो. नियम एकच, बोलायचं नाही. समोरच्या फांदीवर एक पेलिकन चोच पिसांत खुपसून बसला होता. मी शारदाच्या कानात म्हटलं, "पेलिकन." ती म्हणाली, "इल्ला, बगळा." "बगळा एवढा असतो?" "म्हाताराय बगळा!" राघूनं आईची बाजू घेतली. मुक्ता सगळ्यांच्या वर आवाज चढवून "शूऽऽ!" करायला लागली. त्यात मागून मोबाइलवर गाणी लावून वॉकवाले काका आले.

"गप्प बसा सगळे! तो झोपलाय!"

एवढा खणखणीत आवाज, की काकांनी दचकून गाणं बंद केलं. आम्ही वळून बघितलं. इरा कमरेवर हात ठेवून उभी होती.

पेलिकननं एक डोळा उघडला, मिटला. नंदिनी मटकन खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून हुंदके द्यायला लागली.

इरा तिच्याजवळ गेली, तिच्या कानाशी वाकली आणि दातओठ खात कुजबुजली, "आई, हळू रड ना! उठेल तो!"