राजूर घाटात गाडीचं नाक

बुलढाण्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. माझा मावसभाऊ संजू मला दिसण्याआधी ऐकू आला. फाटकाबाहेर असा काही घुमणारा आवाज चालला होता, की माझ्यापुढे उतरलेल्या आजोबांनी पिशवी छातीशी धरली आणि म्हणाले, "ट्रक आला काय बे अंदर?" ट्रक नव्हता. पांढऱ्या रंगाची, वयाने थकत आलेली छोटी मोटार होती, आणि तिच्यात संजू होता.

मी सांगलीहून निघाले होते ते त्याच्या मुलीच्या, प्राचीच्या साखरपुड्यासाठी. रात्रभराच्या प्रवासाने अंग आंबलेलं. भाऊ आधी पाणी विचारेल, निदान बॅग तरी घेईल, असं वाटलं होतं. त्याने बॉनेट उघडलं.

"पाह्य ताई, नवीन बसवला."

आत इंजिनाच्या एका बाजूला लालभडक, शंकूच्या आकाराची जाळीदार वस्तू नळीच्या तोंडावर घट्ट आवळलेली होती. लग्नातला पाहुणा चुकून शेतमजुरांच्या पंगतीत बसावा तशी ती त्या काळ्या, तेलकट इंजिनात उठून दिसत होती.

"हे काय आहे?"

"हवेचा फिल्टर. कंपनीची पेटी काढून टाकली. थे इंजिनाले नीट श्वासच घेऊ देत नव्हती. आता पावर बी वाढली अन् मायलेज बी."

"मोजलंस का?"

"मोजाचं काय त्याच्यात? आवाजच ऐक ना!"

मी शाळेत विज्ञान शिकवते. 'आवाजच ऐक ना' हे उत्तर मला दरवर्षी दहावीच्या वर्गात निरनिराळ्या रूपांत मिळतं, त्यामुळे मी बॅग उचलून गाडीत बसले.

घरी प्राचीची आई, सुनीता, अंगणात रोडगे (गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे जाड गोळे) उलटसुलट करत होती. रोडगा फोडून त्यात तूप ओतायचं, वर घट्ट वरण आणि सोबत वांग्याची झणझणीत भाजी. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. ते तिखटाचं होतं, पण सुनीताच्या डोळ्यांतलं वेगळं होतं, हे जरा वेळाने कळलं.

"ताई, आबा येत नाई म्हणतात," ती हळूच म्हणाली.

आबा म्हणजे तिचे वडील. धामणगाव बढ्याला राहतात. सगळी नोकरी एसटीचं चाक फिरवण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर हौसेने ही मोटार घेतली होती. मोतीबिंदूनंतर नजर कमी झाली तेव्हा त्यांनी ती विकली नाही, जावयाला दिली. जावयाने वर्षभरातच आतली पेटी काढून लाल शंकू बसवला. मग मोताळ्याच्या एका लग्नात ही गाडी डरकाळ्या फोडत मांडवापाशी आली. आबांनी सगळ्या सोयऱ्यांसमोर बॉनेट उघडलं आणि म्हणाले, "जावईबापू, म्या देल्या गाडीचं नाक कापलं तुम्ही!"

त्यावर संजू चटकन बोलून गेला, "कापलं नाई मामाजी, मोठं केलं."

मांडव हसला. आबा जेवणाच्या पानावरून उठले. तेव्हापासून सासरा-जावयाचं बोलणं बंद. आता साखरपुड्याला 'त्या गाडीत मी बसत नाई' असा निरोप आला होता. एसटीने यायला त्यांचा मान आडवा येत होता, कारण नातीच्या कार्याला आजोबांना घरच्या माणसाने येऊन न्यावं. आणि प्राचीने जाहीर केलं होतं, की आबा समोर बसल्याशिवाय ती अंगठीसाठी बोट पुढे करणार नाही.

"उद्या मी स्वतः जातो," संजू म्हणाला. "ताई, तू चाल संगं. ते तुह्या शब्दाला मान देतात. अन् तू सायन्सची. थोडं समजावून सांग त्याईले."

"आधी तुलाच समजावते," मी म्हणाले, आणि रोडगा संपेपर्यंत समजावलं. इंजिनाला पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त हवा लागते, हे खरं. पण सपाट रस्त्यावर आपण पाय अर्धामुर्धाच दाबतो, म्हणजे हवेचं दार आपणच अर्धं लोटून ठेवलेलं असतं. मग बाहेरची चौकट रुंद केल्याने आत जास्त काय शिरणार? आणि जेवढी हवा आत येईल ती मोजून त्या बेतानेच पेट्रोल सोडणारी यंत्रणा या गाड्यांत बसवलेली असते. मायलेज वाढायला जागाच नाही. इंजिन पुरतं पळवलं तर चिमूटभर ताकद वाढेलही, पण आत जाणारी हवा गार असेल तर. गरम हवा विरळ. जुन्या पेटीची नळी पुढच्या जाळीपाशी, वाऱ्यावर होती. हा शंकू इंजिनाच्या धगीतच तोंड उघडून बसलाय.

"झालं?" संजूने विचारलं.

"झालं."

"तू उद्या घाटात पाह्य फक्त."

दुसऱ्या दिवशी सकाळी पंपावर टाकी काठोकाठ भरून आम्ही निघालो. बुलढाणा पठारावर आहे. मोताळ्याकडे जायचं तर राजूर घाट उतरावा लागतो. वैशाखात घाटातलं सागाचं रान पार उघडं पडतं. पिवळ्या गवतातून काळे दगड वर आलेले, मध्येच एखादं पळसाचं झाड, कठड्यावर वानरांची रांग. आमच्या गाडीचा आवाज ऐकून वानरं आधी पळाली, मग गाडीचा आकार पाहून परत येऊन बसली. उतारावर संजू खूश होता. "पाह्य, कशी जाऊन राह्यली!" उतारावर बैलगाडीही जाते, हे मी मनात म्हटलं.

मोताळ्यात चहा आणि गरम भजी घेतली. टपरीवाल्याने गाडीकडे बघून विचारलं, "सायलेन्सर फुटला काय, भाऊ?" संजूने भजी अर्धवट टाकली.

धामणगाव बढ्यात आबा ओसरीवर तयारच बसलेले होते. पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा, डोळ्यांवर जाड चष्मा. न जाणारा माणूस इतका टापटीप बसत नाही. माझी विचारपूस झाली, ताक झालं, सांगलीच्या हळदीची चौकशी झाली. संजू दारातल्या खांबाशी उभा होता. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"काका, प्राची वाट बघतेय," मी म्हणाले.

"पोरीसाठी जीव तुटते ताई. पण त्या गाडीत कसा बसू? माही गाडी बिनाआवाजाची होती. आता तिले दमा झाला. अन् पेट्रोल डबल पेत असंल."

"डबल नाई पेत," संजू खांबाला उद्देशून म्हणाला. "उलटं कमी पेते."

"ताई, तुमच्या भावाले सांगा," आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "नोकरीभर राजूर घाट म्या भरली एसटी घेऊन चढला. गाडीत मी बसतो. पण एसी चालू ठेवून घाट चढून दाखवा म्हणा. चढली तर मी माहे शब्द वापस घेतो. नाई चढली तर जुनी पेटी बसवाची."

"मामाजीले सांग ताई, पेटी तर भंगारात गेली."

आबा उठले, आत गेले आणि फडक्यात गुंडाळलेलं एक बोचकं घेऊन आले. भंगारवाल्याकडून त्यांनी ती पेटी परत आणवली होती. तिच्यावर धुळीचा कण नव्हता.

परतीला गाडी भरली. डिकीत गव्हाचं पोतं, रसाच्या आंब्यांची पाटी, लोणच्याची बरणी. मागे आबांच्या दोघी धाकट्या बहिणी, सुनीताच्या आत्याबाई, अंगाने भरदार, आणि मध्ये चेपलेली मी. पुढे संजूशेजारी आबा, मांडीवर पेटी. ऊन आता माथ्यावर आलं होतं. रस्त्यावर डांबर चकाकत होतं आणि एसीचा वारा मागे येईपर्यंत कोमट होत होता.

घाटाच्या तोंडाशी कडब्याचा (वाळलेल्या ज्वारीच्या ताटांचा) ट्रॅक्टर आडवा आला. रस्त्याहून रुंद भारा, वळणामागून वळण, ओलांडायला वाव नाही. संजू त्याच्यामागे गोगलगाईसारखा चालवत राहिला. समोरून लागणारा वारा बंद, इंजिन तापत चाललेलं. एकदाचा ट्रॅक्टर कडेला झाला आणि संजूने पाय दाबला. आवाज असा झाला की मागच्या दोन्ही आत्याबाईंनी माझा एकेक हात पकडला. गाडी मात्र होती तिथेच रेंगाळली. तिसरा गिअर गेला, दुसरा गेला, पहिल्यावर येऊन ठेपली. डरकाळी वाघाची आणि चाल गाभण म्हशीची.

तेवढ्यात मागून बँडवाल्यांनी खचाखच भरलेली ऑटो आली आणि आम्हाला ओलांडून गेली. मागे लटकलेल्या एकाने कर्णा तोंडाला लावून आमच्यासाठी एक लांब सूर काढला. आत्याबाई हसल्या, मग आबांकडे बघून पदर तोंडावर घेतला.

मी आरशात संजूचा चेहरा पाहत होते. कानशिलावरून घाम ओघळत होता. त्याचा डावा हात गिअरवरून हळूच सरकला आणि एसीचं बटण बंद झालं. डॅशबोर्डवरच्या फटीतून येणारा गार वारा मेला. आबांच्या अगदी नाकासमोर. त्यांनी बटणाकडे पाहिलं, जावयाच्या हाताकडे पाहिलं. मला वाटलं, आता मोताळ्याचा मांडव पुन्हा होणार.

आबा खिडकीबाहेर बघू लागले. दोन वळणं मागे पडली. मग ते म्हणाले, "जावईबापू, गाडी जरा बाजूले घ्या. मले लघवीले जाचं हाय."

मोताळ्याच्या त्या लग्नानंतर ते पहिल्यांदा थेट त्याच्याशी बोलले होते.

सावलीच्या वळणावर गाडी थांबली. आबा चार पावलं गेले, झाडाखाली उभे राहिले, रानाकडे बघितलं आणि तसेच परत आले. लघवी वगैरे काही नव्हती. संजूलाही ते कळलं. तो बॉनेट उघडून खाली मान घालून उभा होता.

मी जवळ जाऊन शंकूभोवती हात धरला. तव्यावर भाकरी टाकण्याआधी धरतो तसा. धग बोटांना झोंबली. "बघ," मी म्हणाले, "असली हवा पीत होती ती."

"मामाजी," संजू म्हणाला, "म्या एसी बंद केल्ता."

"मले काय मालूम?" आबा म्हणाले. "मले मोतीबिंदू हाय."

मग शंकू काढून जुनी पेटी बसवायला दोघं त्या एका बॉनेटखाली वाकले. पेचकस (स्क्रू पिळायचं हत्यार) गाडीत होता, पण पेटीची एक कडी तुटलेली निघाली. आबांनी लोणच्याच्या बरणीवरच्या फडक्याची दोरी सोडून ती बांधली. "तिकून धरा." "धरलं." "वढू नका, तुटन." "नाई तुटत, तुम्ही गाठ मारा." आत्याबाई कठड्यावर बसून आंबे चोखत होत्या, त्यातला एक एका वानराने लांबवला. दोघांच्याही नाकांना काजळी लागली होती आणि दोघांपैकी कोणीच दुसऱ्याला ते सांगत नव्हतं.

गाडी सुरू झाली तेव्हा मला वाटलं सुरूच झाली नाही. आबांनी स्वतः एसी लावला. दुसऱ्या गिअरवर, कुरकुर न करता, आम्ही घाटमाथ्यावर आलो.

"चढली," आबा म्हणाले.

"इंजिन थंडं झाल्तं म्हणून," संजू म्हणाला. "अन् तो ट्रॅक्टर बी नव्हता."

"ताई, खरं काय?" दोघं एकदम म्हणाले.

मी खरं ते सांगितलं: दोघांचंही बरोबर. पेटीने फरक पडला, पण थांबल्यानेही पडला, आणि नुसती पेटी किती हे अशा घाईत ठरत नाही. बुलढाण्याच्या पंपावर पुन्हा टाकी भरली, तेव्हा लागलेलं पेट्रोल बघून दोघंही हिरमुसले. ना कमी, ना डबल. जेवढं एरवी लागतं तेवढंच लागलं होतं.

संध्याकाळी अंगणात साखरपुडा झाला. प्राचीने आबांचा हात धरून त्यांना पहिल्या खुर्चीवर बसवलं, मगच बोट पुढे केलं. देऊळघाटहून आलेल्या नवरदेवाच्या काकांनी बाहेरच्या मोटारीकडे बघून विचारलं, "गाडी जुनी दिसते, पण ठेवली चांगली. कोणाची?"

सुनीता ताट हातात घेऊन थांबली. आबा म्हणाले, "जावयाची."

दुसऱ्या दिवशी मी सांगलीची गाडी पकडली. घरी पोहोचून अंघोळ करते तोच सुनीताचा फोन. आबा दोन दिवस राहणार म्हणून राहिले आहेत, आणि सकाळपासून सासरे-जावई दोघंही घरात नाहीत.

"कुठे गेलेत?"

"घाटात. आबा म्हणे, तो लाल भोपळा एकडाव पुन्हा लावा, रस्ता मोकळा असताना मले नीट ऐकू द्या. ताई, ते म्हणतात, आवाज तसा बेस होता."

शेजारच्या वहिनींनी विचारलं, बुलढाण्याला गेलीस तर लोणारचं सरोवर पाहिलंस का? नाही पाहिलं. जे पाहिलं ते त्यांना सांगायला बसले, तर त्यांना वाटलं मी मोटारीबद्दल बोलतेय. मीही बराच वेळ तसंच समजत होते. ताकद आणि मायलेज यांचा हिशेब मी अजूनही वर्गात फळ्यावर मांडून दाखवीन, आणि तो बरोबरच येईल. पण त्या वळणावर एक म्हातारा माणूस काहीही न करता झाडाखाली उभा राहून परत आला, ते कुठल्या धड्यात घालायचं हे मला अजून सुचलेलं नाही.