गळ्यावरची पांढरी रेघ

महाळुंग्यात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, उद्घाटनं, श्रद्धांजल्या, गावातले सगळे चेहरे माझ्या हाताखालून जातात. त्या पोराचाही गेला. त्याला भरदुपारी, भर चौकात कोयत्यानं तोडलं होतं. वार गळ्यावर बसला होता.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला लावायच्या श्रद्धांजलीच्या बॅनरसाठी त्याची आई फोटो घेऊन आली. धड असा एकच फोटो, तोही दोघा भावांचा. थोरल्याचा हात गेलेल्या धाकट्याच्या खांद्यावर. थोरल्याला कापायचं होतं, पण हात कापला तसा खांदा तुटका दिसायला लागला. मग मी ती कड हळूहळू विरळ करत मागच्या निळ्या आभाळात मिसळली आणि चेहऱ्याभोवती फिकट उजेडाचा थर दिला. चांगलं झालं होतं राव, खरंच.

छपाईला मी फाइल भोसरीला पाठवतो, तिथल्या प्रेसवाल्यानं माती केली. छपाईच्या पीडीएफचे नियम ठरलेले असतात. नव्या नियमात असे अर्धपारदर्शक थर जसेच्या तसे जातात. जुन्यात ते चालतच नाहीत, सगळे थर चेपून एक करावे लागतात. चेपताना चित्राचे तुकडे पडतात, पुन्हा जोडले जातात आणि सांध्यात कधी कधी केसाएवढी पांढरी रेघ राहते. नव्यातच घे म्हणून मी फोनवर बोंबललो. पण त्याचं सॉफ्टवेअर जुनाट. काही होत नाही भाऊ, म्हणाला, आणि स्वतःच चेपून छापून मोकळा झाला.

बॅनर न्यायला थोरला आला. आई पायरीवरच बसली, आत यायची तिची हिंमत नव्हती. मी फरशीवर गुंडाळी उलगडली. बरोबर गळ्यावरून आडवी पांढरी रेघ.

त्यानं कॉलर धरून माझं तोंड टेबलावर आपटलं. ओठ फुटला. मग स्टूल उचलून मॉनिटरवर घातलं.

"त्याला मारलं त्यांनीच करायला लावलं ना तुला?"

रक्त गिळत मी सांगत होतो की हा मशीनचा सांधा आहे, बघ, तीच रेघ पुढे आभाळातूनही गेलीय. त्यानं बघितलं नाही. मारणाऱ्यांपैकी एकजण जामिनावर सुटून त्यांच्याच मागच्या गल्लीत राहत होता आणि याला फक्त निमित्त हवं होतं. त्यानं शर्टाखालून कोयता काढला. मी दारात आडवा झालो. कमरेत लाथ बसली आणि मी पायरीवर त्याच्या आईशेजारी जाऊन पडलो.

ती उठली. दारातून तिनं आतला फ्लेक्स पाहिला, मग पोराच्या हातातला कोयता. त्याला सोडून ती माझ्याकडे वळली.

"दादा, त्या फोटोतनं ह्याला कापलं, तो तुकडा टाकून दिला का?"

मी म्हटलं, आहे.

"नीट ठेवा. पुढच्या बॅनरला लागंल. आभाळ हेच चालंल."

थोरला उंबऱ्यातच मटकन खाली बसला. कोयता हातातून सुटला आणि तो हमसून हमसून रडायला लागला. ती त्याच्याजवळ गेली नाही. आत जाऊन फ्लेक्सवर बसली आणि पदरानं ती रेघ पुसायला लागली. छापलेली रेघ, पुसली कशी जाणार?