टाकीतली मिठाची मूठ

शिवा मोकलला अख्खं गाव भित्रा म्हणतं, आणि शिवाची त्याला ना नाही. मिठागरावर चाळीस वर्षं काढलेला माणूस भित्राच असायचा, असं त्याचं म्हणणं. उधाणाच्या भरतीला बांधाला बोटभर भोक पडलं तरी हंगामाचं मीठ पाण्यात जातं! एकदा तर हा गडी बांधाचं भोक पाठीनं बुजवायला आडवा पडला. ते निघालं खेकड्याचं बीळ, आणि खेकडा होता घरातच. पुढचे आठ दिवस शिवा पालथा झोपला, हे त्याची बायको मालू आजही पाहुण्यांना चहाबरोबर वाढते.

पण यंदाच्या शिमग्यात शिवा जो भ्याला, त्यापुढं तो खेकडा म्हणजे गंमतच.

झालं असं. उलव्याकडचं मिठागर गेलं, तसा शिवा पनवेलजवळ शिरढोणला उतारावरच्या जागेत येऊन राहिला. मुलगा हरेश उरणला बंदरात कामाला. सून समीक्षा निफाडकडची, नाशिकला वाइनच्या कारखान्यात नोकरी केलेली. तिनं उतारावर द्राक्षवेली लावल्या. "पनवेलात द्राक्षं? मग उद्या सफरचंदं पण लावा!" म्हणून लोक हसले. तिसऱ्या वर्षी, फाल्गुनात, वेली घडांनी वाकल्या. समीक्षानं रस काढून पडवीतली पहिली टाकी भरली आणि जेवताना सरळ सांगितलं, "ही टाकी साधली तर आपण इथंच. नाही साधली तर मी मनस्वीला घेऊन जुन्या नोकरीवर परत जाणार. हरेशशी बोलणं झालंय माझं."

शिवाचा घास तोंडातच राहिला. मनस्वी म्हणजे त्याची सहा वर्षांची नात. ती रोज दुपारी आजोबाच्या पोटावर डोकं ठेवून झोपते आणि झोपायच्या आधी त्याच्या मिशा विंचरते. ती गेली तर त्या मिशा ठेवायच्या कुणासाठी?

टाकीच्या झाकणावर पाणी भरलेली एक काचेची नळी होती. आत रस आंबायला लागला की वायू त्या पाण्यातून बुडबुड करत बाहेर पडायचा. "आजोबा, टाकीला उचकी लागली!" मनस्वी टाळ्या पिटायची. शिवा येता-जाता त्या उचक्या ऐकायचा. जरा उशीर झाला की तिथंच उकिडवा बसून पुढच्या उचकीची वाट बघायचा.

आता मोकलांच्या घरात एक चाल होती. हंगामाचं पहिलं मीठ निघालं की त्यातली एक मूठ आगरात परत टाकायची. शिवाचा बाप म्हणायचा, मीठ पडल्याशिवाय पीक घरचं होत नाय. शिवानं पुढं भाताच्या कणगीत टाकली, पडवळाच्या आळ्यात टाकली. मग सुनेच्या टाकीनं काय घोडं मारलं होतं? पालखीच्या दिवशी दुपारी सगळी माणसं देवळाकडं गेली, तेव्हा शिवानं झाकण उघडलं, जुन्या आगरातलं खडेमीठ मूठभर आत सोडलं, हात जोडले आणि झाकण लावून पालखीला पळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उचकी बंद.

समीक्षा टाकीला कान लावून उभी राहिली. खालच्या नळानं पेलाभर रस काढून मोजला. "साखर अजून अर्धी शिल्लक आहे, आणि वायू थांबला कसा? यीस्ट मेलं की काय!"

"कोण मेलं?" शिवाचा आवाज चिरकला.

"रस आंबवणारे जीव असतात बाबा, बारीक बारीक. ते मेले तर संपलं सगळं."

मिठानं काय होतं ते शिवाइतकं कुणाला ठाऊक? जन्मभर ज्या आगरात तो वावरला, तिथं गवताचं पातं उगवत नाही. आणि तेच मीठ त्यानं आपल्या हातानं...

दिवसभर त्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही. मालूनं विचारलं, "काय ओ, परत खेकडा चावला काय?" तर यानं कूस बदलली. मनस्वी मिशा विंचरायला आली, तर हा उठून वेलींमध्ये जाऊन बसला. बोलावं तर सून काय म्हणेल? न बोलावं तर नात जाईल. बोललं तरी जाईलच की! घाम पुसून पुसून पंचा ओला झाला.

संध्याकाळी समीक्षा पडवीत फोनवर बोलताना त्यानं ऐकलं. "हो सर, नाशिकलाच... हातातून सुटतंय सगळं..."

शिवा अनवाणीच धावला. "पोरी, फोन ठेव! मी मारला त्यांना! मी मीठ टाकलाय टाकीत!"

मालू सूप हातात धरून दारात. "नाशिकलाच असं झालेलं तेव्हा काय केलं होतं, ते विचारतेय मी कारखान्यातल्या सरांना," समीक्षा म्हणाली आणि तिनं फोन खाली घेतला. "किती टाकलंत?"

"एक मूठ."

"पाचशे लिटरला एक मूठ? त्यानं डासही मरणार नाही. पण थांबा... टाकलंत कुठून?"

"वरून. झाकण काढून."

समीक्षा शिडीवर चढली. झाकणाखालचा रबरी वायसर एका बाजूनं दुमडला होता. नळीतून जायचा तो वायू कालपासून त्या फटीतून गुपचूप निघून जात होता. तिनं वायसर सरळ केला, झाकण दाबलं. सगळे नळीकडं बघत राहिले. मग नळीतलं पाणी हललं आणि गुडूक वाजलं.

"अजून एक दिवस गेला असता तर मी नवं यीस्ट ओतून खरंच वाट लावली असती," समीक्षा म्हणाली. "सकाळीच का नाही सांगितलंत? माझी एवढी भीती वाटते?"

"वाटते," शिवा म्हणाला. "तू गेलीस तर पोर पण जाते."

मालूनं तोंडाला पदर लावला. हसत होती की काय, कळलं नाही.

"मग... नाशिक?" शिवानं चाचरत विचारलं.

"बाबा, टाकी साधली तर इथंच, म्हटलंय ना? मग वर या आधी. मी कडेचा पट्टा आवळते, तुम्ही झाकण दाबून धरा. दोन्ही हातांनी."