हळदी-कुंकवाने भिजलेला रेडिओ

खंडेनवमीला घरातली अवजारं पाटावर मांडून पुजायची, ही रीत मला नवी नव्हती. पण त्या वर्षी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, रेडिओलाही पुजलं. आंब्याच्या पानाने पाणी शिंपडलं, हळद-कुंकू वाहिलं, आणि ते सगळं पाठीमागच्या जाळीतून थेट आत गेलं. संध्याकाळी ह्यांनी बटण फिरवलं तर आतून चर्र झालं, जळका वास सुटला. ह्यांनी झटकन तार ओढून काढली.

"माय, ह्याला कशाला पुजलंस?"

"पकड पुजली, हातोडी पुजली. हे तुझं अवजार न्हाई व्हय?"

"अगं, आत देव न्हाई, वीज हाय."

"मग तिलाच पोचलं म्हण की!"

एरवी मी हसले असते. त्या दिवशी मला रडू आलं. कोजागिरीच्या संध्याकाळी मुंबईच्या केंद्रावर आमच्या गावच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम होता आणि पखवाजाला माझे बाबा बसणार होते. माहेरहून तसं कार्ड आलं होतं. मी तळकोकणातली. मराठी चौथीत शाळा सुटली, मग लग्न होऊन इकडे परभणीला, निजामाच्या राज्यात आले. माहेरचं माणूस डोळ्यांना दिसून किती काळ लोटला होता! हा सेटही कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मालकाने अडगळीत टाकलेला. हे तिथल्या इंजिनावर कामाला, त्यांनी तो मागून घेतला आणि माझ्यासाठी दुरुस्त केला होता. वीजही कारखान्याचीच, तारेने आमच्या खोलीपर्यंत आणलेली.

"कोजागिरीपर्यंत होईल ना हो?"

"घाई केली तर जळंल, मग कायमचाच गेला. आधी सुकू दे."

दुसऱ्या दिवशी सेट उघडला. तार काढली तरी आत वीज साठून राहते, असं हे म्हणाले. एक हात कमरेमागे धरून, लाकडी मुठीच्या तारेने त्यांनी ती आधी उतरवून टाकली. तेवढा वेळ मी दारात श्वास धरून उभी. मग एकेक काचेचा व्हॉल्व्ह काढून माझ्या हातात देऊ लागले, आणि मी पुसून सुपात ओळीने ठेवू लागले. ओळ चुकली तर, या धास्तीने मी सुपाजवळून हलले नाही. आत जिनिंगची रुई उडून बसली होती, ती हळदीच्या पाण्याने चिकटून पिवळी झाली होती. ती ब्रशने काढली आणि सांगाडा आश्विनातल्या उन्हात ठेवला. ऊन सरकेल तसा मी तो सरकवत राही. एकदा पाहिलं तर आत्याबाईच तिथे कावळे हाकत बसलेल्या.

"पोखर्णीच्या नरसिंहाला नारळ बोललेय," त्या म्हणाल्या. "पाणी मात्र न्हाई शिंपडणार आता."

पुरता सुकल्यावर ह्यांनी विजेच्या वाटेत मधेच एक दिवा बांधला. दिवा लख्ख पेटून तसाच राहिला तर आत बिघाड, पेटून मंद झाला तर सेट चांगला, असं त्याचं होतं. दिवा लख्खच राहिला. ह्यांनी तार काढली, पुन्हा सगळं तपासलं. वीज साठवणाऱ्या एका कंडेन्सरचं मेण पाघळलं होतं. दुसरा नांदेडहून ओळखीच्या रेल्वे गार्डाबरोबर आला, तो नेमका कोजागिरीच्या दुपारी.

दिवेलागणीला पुन्हा तार जोडली. दिवा पेटला आणि हळूहळू उतरायला लागला.

"अगं बाई, दिवा चालला!" म्हणत आत्याबाईंनी वाऱ्यात समईला धरावा तसा हाताचा आडोसा पुढे केला.

"माय, हात माघारी घे! मंदच व्हायला पायजे तो."

दिवा मंद होऊ दे म्हणून मी देवाला आळवत होते. तो पार मंदावला तेव्हा ह्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग मधला दिवा काढून सेट सरळ जोडला. व्हॉल्व्ह तांबूस झाले, घुमल्यासारखा आवाज आला, आधी हैदराबादची उर्दू आणि खूप खरखरीनंतर मुंबई.

निवेदकाने मंडळाच्या गाणाऱ्या बुवांचं नाव घेतलं, पखवाजवाल्याचं घेतलं नाही.

"हेच बाबा," पखवाज घुमताच मी म्हणाले.

"कशावरून?" ह्यांनी विचारलं.

"लेकीला कळतंय की," आत्याबाई म्हणाल्या. "तू गप ऐक."

आवाज लाटेसारखा येत होता, जात होता. एक अभंग संपला. पुढचा सुरू होण्याआधी पखवाजाच्या डाव्या अंगावर एकच थाप पडली, जरा बद्द. तिथे कणीक थापलेली असते. ती वाळली की घरी बाबा अशीच एक थाप मारून बघत आणि ती भिजवायला मला आत हाक देत, "बाय गो, पाणी!"

"आता कुठं निघालीस?" आत्याबाईंनी विचारलं.

तेव्हा मला कळलं, मी उठून उभी राहिले होते आणि माझ्या हातात तांब्या होता.